पहिला रिलीज मनगटाच्या पट्ट्याचाच घ्यावा

रत्नागिरीकर_बाबा:
अदिती स्वामी 2023 मध्ये बर्लिनला जगज्जेती झाली, तेव्हापासून माझ्या मुलीनं कंपाउंडचा, म्हणजे चाकं लावलेल्या धनुष्याच्या तिरंदाजीचा, ध्यास घेतलाय. तीन रिलीज (दोरी पकडून बाण सोडायची कळ) हाताळून झाल्यावर सांगतो, नवख्यानं मनगटाला पट्टा बांधून तर्जनीनं चाप ओढायचा तोच घ्यावा. खेचताना भार मनगटावर येतो, बोटं मोकळी राहतात. अमेरिकेतले धनुष्यानं शिकार करणारेही बहुतेक हाच वापरतात. पट्टा नसलेला रिलीज मचाणावरून खाली पडला तर दिवस फुकट!

मालवणी_नेम:
बाबा, माका ह्या पटूक नाय. शिकाऱ्याला दिवसभरात एखादाच बाण सोडायचा असतो, तोही जनावर हलायच्या आत. आपल्याकडे 1972 च्या कायद्यानं शिकार बंदच आहे. मुलीला 50 मीटरवर 72 बाण मारायचेत. तर्जनीला घाई फार. लक्ष्याच्या मधलं पिवळं दिसलं की चाप हिसकते, आणि एकदा ती सवय लागली की नेम मध्यावर पोचायच्या आधीच बाण सुटतो. मी दोन वर्षं भोगलंय हे. नेमाची पिन पिवळ्याच्या खाली अडकायची, वर सरकायचीच नाही, रात्री झोपेतही तेच दिसायचं. शेवटी अंगठ्याच्या बटणाचा घेतला. अंगठा नुसता टेकवायचा आणि कोपर मागे नेत पाठीनं खेचत राहायचं.

रत्नागिरीकर_बाबा:
हा दोष शिकवण्याचा आहे, चापाचा नाही. चाप थोडा जड ठेवा, बोटाचं टोक न लावता दुसऱ्या पेरात धरा. मग पट्ट्याच्या रिलीजनंही बाण पाठीच्याच जोरावर सुटतो.

अलिबागची_ताई:
मग सरळ बिनचापाचा, हात वळवला की सुटणारा हिंजच द्या तिला. हिसकायला काही उरतच नाही.

मालवणी_नेम:
नको ताई! खेचतानाच हात वळला तर बाण भलतीकडे जातो आणि मूठ तोंडावर आपटते. महिनाभर नुसत्या दोरीच्या फासावर सराव झाल्याशिवाय हिंज धनुष्याला लावूच नये. आणि बाबा, पट्ट्याचाच घेणार असाल तर बकलचा घ्या. आपल्या पावसाळ्यात वेल्क्रो ओला राहतो, पकड सुटते. चापाला खाऱ्या वाऱ्याचा गंज चढतो तो वेगळाच, रोज पुसून तेलाचा थेंब द्या.

रत्नागिरीकर_बाबा:
बकलचं मान्य. बाकी नाही. तुमचा अंगठ्याचा घेऊन रविवारी मैदानावर या, दोन्हींनी तीस-तीस बाण मारून बघू.

मालवणी_नेम:
येतो. पण रिलीज बदलला की हाताची ठेवण बदलते, पीप (दोरीतलं नेम धरायचं भोक) डोळ्यासमोर येत नाही. धनुष्य तिच्या मापाला लावायला अर्धा तास द्या. आणि पहिले दहा बाण पाच पावलांवरून, डोळे मिटून.