जुन्या इंडिकात टीसीआयसी इंजिन: दुसरा टर्बोही तेल टाकतोय

व्हीटू_एमएच१२

गाडी २००४ ची इंडिका व्ही टू डिझेल. मूळचं बिनटर्बोचं १४०५ सीसी इंजिन कंप्रेशन सोडून बसलं होतं. त्या जागी अपघातात गेलेल्या इंडिगोचं १.४ टीसीआयसी (टर्बो आणि इंटरकूलरवालं) इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लचसकट बसवून घेतलं. इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा गार करणारा) आणि फाउंडेशनही (इंजिनाचे आधार) त्याच गाडीचं. रेडिएटर मात्र जुन्या इंडिकाचाच आहे.

पहिला टर्बो तेल टाकत होता म्हणून कोर, म्हणजे शाफ्ट-बेअरिंगचा मधला भाग, बदलला. नवा कोर पडून ११०० किमी झाले आणि पुन्हा तेच रडगाणं:

दोन-अडीच हजार आरपीएमला काळा धूर, ओढ नाही. कात्रजचा जुना घाट तिसऱ्यातसुद्धा कण्हत चढते.
घाट संपवून सिग्नलला उभी राहिली की निळा धूर.
११०० किमीत दीड लिटर ऑइल गेलं. इंटरकूलरच्या खालच्या होजमध्ये तेलाचं डबकं.
मॅनिफोल्डला टी मारून गेज लावला: चौथ्या गिअरला फुल दाबून कमाल ०.३५ बार.
घाट चढून आल्यावर डिपस्टिक बोटभर वर आलेली असते.

टर्बोतून तेल परत इंजिनात नेणारा, रिटर्नचा मूळ लोखंडी पाइप मिळाला नाही, म्हणून गॅरेजवाल्याने अर्धा इंची रबरी होज टाकलाय. ओढ यावी म्हणून डिझेल पंपाचा स्क्रूही अर्धा आटा आत घेतलाय. आता तो म्हणतो कोरच डुप्लिकेट होता, तिसरा आणा. आणू का?

तेलकट_भोसरी

आणू नका. एकाच इंजिनावर लागोपाठ दोन टर्बो तेल टाकायला लागले, तर दोष बहुतेक वेळा टर्बोत नसतो. टर्बोच्या शाफ्टला इंजिनासारखं रबरी ऑइल सील नसतं, पिस्टन रिंगसारख्या बारीक रिंगा असतात. आलेलं तेल खाली लगेच पडून जातंय आणि आत-बाहेरचा दाब नीट आहे, या दोन्ही भरवशावर त्या तेल अडवतात. यातलं एक बिघडलं तरी डब्यातून काढलेला नवाकोरा टर्बोही निळा धूर सोडेल.

आधी रिटर्न बघा. टर्बोत तेल पंपाच्या दाबाने येतं, पण परत जातं ते निव्वळ उतारावर, वर शाफ्टच्या फिरण्याने फेसाळून. म्हणून रिटर्न नेहमी फीडच्या (तेल आणणाऱ्या नळीच्या) कितीतरी पट जाड असतो. अर्धा इंची होज बारीक पडतो. निदान १६ ते १९ मिमी आतला व्यास हवा, पूर्ण वाट उतरती, मधे कुठेही झोळ नको. टर्बोच्या पोटातलं रिटर्नचं भोक सरळ खाली हवं, फार तर ३० अंश तिरकं. साधा रबरी होज एक्झॉस्टशेजारी महिन्याभरात मऊ होऊन चपटा होतो. बाहेरून धडधाकट दिसेल, आतून मिटलेला असेल. मूळ पाइप मिळत नसेल तर नाना पेठेतल्या स्पेअर बाजारात चक्कर मारण्याआधी लेथवाल्याकडून जुन्या फ्लँजवर लोखंडी नळी वळवून ब्रेझिंग करून घ्या, वरून उष्णतारोधक बाही चढवा. फ्लँजला गॅस्केटच लावायचं, सिलिकॉन नाही. त्याचा आत सुटलेला तुकडा फीडचं भोक बंद करतो आणि शाफ्ट कोरडा मरतो.

ऑइल लेव्हल वरच्या खुणेच्या पुढे नको. चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) जास्त भरलं की रिटर्नचं तोंडच तेलात बुडतं.

कोर खरंच गेलाय का ते बघायला इनलेट होज काढून बोटाने शाफ्ट हलवा. आडवा थोडा खुळखुळ असतोच, तेलावर तरंगणारं बेअरिंग आहे ते. पाती घराला घासत असतील तर गेला. पुढे-मागे मात्र हाताला जवळजवळ काही जाणवू नये. डायल गेजवर ०.१ मिमीच्या पुढे गेला तर कोर संपला समजा.

नळीबहाद्दर

रिटर्नचं सगळं मान्य, पण खरी खूण डिपस्टिकची आहे आणि ती तुम्ही पाचव्या नंबरवर लिहिलीत! रिटर्न तुंबला म्हणून डिपस्टिक वर येत नाही. ती येते चेंबरमध्ये दाब वाढल्यावर. तो दाब दोन ठिकाणांहून येऊ शकतो: इंजिन बॅक मारत असेल (झिजलेल्या रिंगा-बोअरमधून जळका वायू खाली उतरत असेल), नाहीतर बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा, कुठून तरी आत शिरत असेल.

टॅपेट कव्हरवरून निघालेला, चेंबरमधली वाफ बाहेर नेणारा ब्रीदर पाइप दुसऱ्या टोकाला नेमका कुठे जोडलाय?

मोजायचं असेल तर सोपं आहे. दोन मीटर पारदर्शक नळी घ्या, फळीवर यू आकारात बांधा, निम्मी पाण्याने भरा. एक टोक डिपस्टिकच्या नळीत घट्ट, दुसरं उघडं. इंजिन तापवून आयडलला दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक मोजा. दोन-तीन सेंमीत असेल तर ठीक, दहाच्या वर असेल तर इंजिन बॅक मारतंय. आयडलला बूस्ट नसतो, म्हणून हे माप रिंगांचं. मग तीच नळी लांब करून आत सीटपर्यंत आणा आणि शेजारच्याला वाचायला सांगून चढावर दाबा.

व्हीटू_एमएच१२

नळी लावली. आयडलला २ सेंमी. चढावर बूस्ट चढताच पाणी फळीबाहेर उडालं, सीट भिजली.

ब्रीदर मॅनिफोल्डच्या निपलला आहे. गॅरेजवाला म्हणाला, जुन्या इंजिनाला होता तसाच जोडला.

कंप्रेशनही बघून घेतलं, हीटर प्लगच्या भोकातून: २८, २७, २८, २६ बार.

नळीबहाद्दर

सापडलं की मग!

बिनटर्बोच्या इंजिनात मॅनिफोल्डमध्ये दाब कधी बाहेरच्या हवेच्या वर जात नाही, त्यामुळे ब्रीदर तिथे दिला तरी चालून जातं. टर्बो लागला की तेच मॅनिफोल्ड फुगतं. मग ब्रीदर चेंबरमधली वाफ बाहेर नेत नाही, उलटा बूस्टच चेंबरमध्ये भरतो. चेंबर फुगलं की रिटर्नचं तेल खाली पडणार कुठे? टर्बोच्या पोटात साचतं आणि रिंगांतून दोन्हीकडे सुटतं. कंप्रेसरकडे सुटलेलं म्हणजे तुमच्या इंटरकूलरमधलं डबकं. टर्बाइनकडे सुटलेलं गरम सायलेन्सरमध्ये जळतं, तो सिग्नलवरचा निळा धूर. याच दाबाने क्रँकचं मागचं सीलही जाऊ शकतं, आणि ते गेलं तर क्लच तेलात. बेलहाउसिंगच्या (क्लचच्या घराच्या) खालून थेंब पडतोय का ते आजच बघा.

कंप्रेशन चांगलं आहे. या जातीच्या इंजिनात २५ ते ३० बार आणि चारांतला फरक ५ च्या आत असला की झालं. इंजिनाला हात लावू नका.

काम असं: मॅनिफोल्डचं निपल पितळी प्लग आणि तांब्याच्या वॉशरने कायमचं बंद. नुसतं रबरी टोपण लावून क्लिप मारू नका, पहिल्याच घाटात उडेल. ब्रीदर आता एअर फिल्टर आणि टर्बो यांच्यामधल्या होजमध्ये द्यायचा, तिथे कायम थोडी ओढच असते. मधे जाळी भरलेलं छोटं कॅच कॅन टाकलं तर तेलाची वाफ टर्बोत जाणार नाही, पण त्याची नळी मूळ ब्रीदरपेक्षा बारीक नको. एअर फिल्टरही नवा टाका. तुंबलेला फिल्टर कंप्रेसरमागे इतकी ओढ तयार करतो की चांगल्या टर्बोतूनही तेल ओढलं जातं.

एक मात्र आहे: त्या निपलच्या भोकातून कितीही हवा गेली तरी एवढ्याने बूस्ट ०.३५ पर्यंत खाली येणार नाही. या मापाच्या वेस्टगेटवाल्या (बूस्ट आवरणारी झडप असलेल्या) टर्बोने पाऊण बारच्या आसपास द्यायला हवं. अजून कुठेतरी फुटलंय.

तेलकट_भोसरी

सुरू करायच्या आधी इंटरकूलर उतरवून रिकामा करा. हे टाळू नका. त्यात पाव लिटर तेल जरी राहिलं आणि एका दमात इंजिनात गेलं, तर डिझेल इंजिन त्या तेलावर स्वतःच पळत सुटतं. चावी काढून उपयोग नाही, पंप बंद झाला तरी त्याला जळायला तेल मिळतंच आहे. तसं झालंच तर वरचा गिअर टाकून, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडा, नाहीतर इनलेटवर लाकडी फळी दाबून धरा. हात लावायचा नाही. कूलर डिझेलने दोन-तीनदा खंगाळा, उलटा करून रात्रभर निथळत ठेवा, मग कंप्रेसरची हवा मारून पूर्ण वाळवा. ओलं डिझेल आत राहिलं तर तोही तोच धोका.

टर्बो परत बसवताना फीडच्या पोकळ बँजो बोल्टचं भोक तारेने साफ करा, तांब्याचे वॉशर नवे टाका. फीडच्या तोंडातून २०-३० मिली स्वच्छ ऑइल ओता, हाताने पातं फिरवा. पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर काढून दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा, मधे अर्धा मिनिट विश्रांती, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. मग वायर जोडून सुरू करा आणि दोन-तीन मिनिटं अॅक्सिलरेटरला हात नाही. ऑइल १५डब्ल्यू-४०, सीआय-४ दर्जाचं, फिल्टरसकट नवं.

रिटर्नची खात्री हवी तर सुरू करायच्या आधी खालचं टोक बाटलीत सोडा. स्टार्टर मारताना सलग धार दिसली पाहिजे, थेंब थेंब नाही.

पंपवाला_नाना

काळ्या धुराचं अर्धं कारण तो अर्धा आटा आहे. रोटरी पंपाचा फुल लोड स्क्रू एकअष्टमांश आट्यानेसुद्धा फरक दाखवतो, अर्धा आटा म्हणजे जुगार. हवा कमी आणि डिझेल जास्त, तर धूर येणार नाही तर काय होणार? वर एक्झॉस्ट तापतो, प्री-चेंबर आणि हेड गॅस्केट दोघांच्या जिवावर बेततं. त्या स्क्रूने आयडलही वाढतो. गॅरेजवाल्याने मग आयडलचा स्क्रू मागे घेऊन ते लपवलं असणार, तोही तपासा.

क्रम चुकवू नका. आधी हवेची गळती बंद करा, बूस्ट पूर्ण येतोय याची खात्री करा, मग स्क्रू मूळ जागी. लॉकनटच्या आत जुन्या रंगाची खूण उरली असेल तर तिथपर्यंत, नाहीतर सरळ पंप बेंचवर लावून कॅलिब्रेट. पंपाच्या डोक्यावर गोल टोपी असेल तर ती बूस्टप्रमाणे डिझेल वाढवणारी आहे, तिची बारीक नळी मॅनिफोल्डला जोडलेली हवी. ती तुटली किंवा डायफ्राम फाटला तर धूर येत नाही, पण गाडी बिनटर्बोसारखी मरगळते. वेस्टगेट उघडणाऱ्या अॅक्च्युएटरच्या नळीचं उलटं: ती निघाली तर वेस्टगेट उघडतच नाही आणि बूस्ट मोकाट जातो.

नोझलही उतरवून दाब बघून घ्या. चारांपैकी एक गळत असेल तर सकाळी पांढरा धूर आणि टकटक येते.

कागदी_घोडा

इंजिन सुरळीत झाल्यावर पुढची लढाई संगम पुलाजवळच्या पुणे आरटीओत आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदलाला आरटीओची परवानगी लागते, आणि परवानगीशिवाय बदललं असेल तर १४ दिवसांत कळवावं लागतं. जानेवारी २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मूळ कंपनीच्या तपशिलाशी न जुळणारा बदल फारसा खपवून घेत नाहीत. इंडिगोच्या इंजिनाचं बिल आणि त्या गाडीच्या आरसीची प्रत जपून ठेवा. आरसीवरचा इंजिन नंबर बदलेपर्यंत विम्याचा दावा अडकू शकतो, आणि २००४ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणालाही इन्स्पेक्टर नंबर बघतोच. पीयूसीला बीएस फोरपूर्व डिझेलची मर्यादा ६५ एचएसयू (धुराच्या दाटपणाचं एकक). आत्ताच्या काळ्या धुरावर तिकडे फिरकूच नका.

व्हीटू_एमएच१२

निपल प्लग केलं, ब्रीदर फिल्टरनंतरच्या होजमध्ये दिला, रिटर्न १८ मिमी लोखंडी करून घेतला. डिपस्टिक जागेवर राहते, चढावर यू नळीत ३ सेंमी. इंटरकूलरच्या खालच्या होजला क्लिपखाली चीर होती, होज बदलला. स्क्रू मूळ खुणेवर. बूस्ट आता ०.६. बेलहाउसिंग कोरडं आहे. पण अडीच हजाराच्या पुढे शिट्टी येते. कोरची आहे की गळतीची?

नळीबहाद्दर

कोरची शिट्टी आरपीएमबरोबर सुरात चढते-उतरते. पाय सोडताक्षणी एकदम तुटत असेल तर गळती. ०.६ वरूनही गळतीच वाटते.

टर्बोचा इनलेट होज एअर फिल्टरच्या टोकाला सोडवून त्या तोंडाला रबरी बूच आणि त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवा. पायपंपाने ०.५ बार, त्याहून जास्त नको, आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी फिरवा. ब्रीदर आता त्याच बाजूला जोडलाय हे विसरू नका. तो काढून होजमधलं त्याचं भोक बुजवा आणि ऑइल भरायचं झाकण उघडं ठेवा. नाहीतर पंपाने तुम्हीच चेंबर फुगवाल. एखादा इनलेट व्हॉल्व्ह उघडा असेल तर थोडी हवा तिकडून जातेच, सायलेन्सरमध्ये किंवा ऑइलच्या तोंडाशी हलकी फुसफुस आली तर घाबरू नका. बुडबुडे बघायचे ते होजच्या जोडांवर, कूलरच्या प्लास्टिक टाकीच्या कडेला आणि मॅनिफोल्ड गॅस्केटवर.

साधी वर्म क्लिप रबर कापते, तिथेच चीर पडते. टी-बोल्ट क्लॅम्प घ्या. आणि फाउंडेशनचं रबर बघा: इंजिन दाबल्यावर जास्त डोलत असेल तर कितीही चांगला होज लावा, दोन महिन्यांत निसटेल.