एडविन आर्मस्ट्राँग: रीजनरेशनचे श्रेय न्यायालयाने का नाकारले?

प्रश्न (लघुलहरी)
जुना ट्रान्झिस्टर रेडिओ उघडला की ४५५ किलोहर्ट्झच्या आयएफ (मधल्या वारंवारतेच्या) कॉइल दिसतात. त्यामागची सुपरहेटरोडाइन पद्धत (आलेली लहर एका ठरावीक मधल्या वारंवारतेवर आणून मग वाढवणे) अमेरिकी संशोधक आर्मस्ट्राँग यांनी पहिल्या महायुद्धात पॅरिसमध्ये अमेरिकी सैन्यात असताना, १९१८ साली मांडली. वाइडबँड एफएम (रुंद पट्ट्यात, लहरीची वारंवारता बदलून ध्वनी पाठवणे) हेही त्यांचेच. असे असूनही रीजनरेशनचा, म्हणजे संदेशाचा अंश मागे फिरवून तो वाढवण्याच्या युक्तीचा, वाद ते दुसरे अमेरिकी संशोधक ली द फॉरेस्ट यांच्याविरुद्ध १९३४ साली सर्वोच्च न्यायालयात हरले. हे कसे घडले? एफएमचा वाद त्याच जातीचा होता का?

उत्तर (ग्रिडलीक)
न्यायालयाने तारीख पाहिली, समज पाहिली नाही, असे माझे मत आहे. रीजनरेशनमध्ये ट्रायोड या व्हॅक्यूम ट्यूबच्या प्लेटकडील (बाहेर पडणाऱ्या) संदेशाचा काही अंश योग्य कलेत, म्हणजे लहरींचा ताल जुळेल असा, पुन्हा ग्रिडला (आत येणाऱ्या बाजूला) दिला, तर क्षीण संदेश अनेक पटींनी वाढतो, आणि ही मात्रा एका मर्यादेपलीकडे गेली की तेच सर्किट स्वतः लहरी निर्माण करू लागते. कोलंबिया विद्यापीठात शिकत असतानाच, १९१२ साली, आर्मस्ट्राँग यांनी हे ओळखले आणि पुढे ते का घडते हेही उलगडून दाखवले. द फॉरेस्ट यांच्या बाजूने मुख्य पुरावा होता तो त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील प्रयोगाच्या नोंदीचा. कायद्याच्या लेखी ती नोंद आधीची ठरली. रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेने याच शोधासाठी १९१७ साली दिलेले पदक आर्मस्ट्राँग निकालानंतर परत करायला गेले, तेव्हा संस्थेने ते घेण्यास चक्क नकार दिला; व्यवसायबंधूंचा कौल कुणाकडे होता, हे त्यावरून कळते.

उत्तर (त्रिवेणी_८८)
एफएमची गोष्ट मात्र निराळी आहे. अरुंद पट्ट्यातील एफएमने काही साधत नाही, हे अमेरिकी अभियंते जॉन कार्सन यांनी १९२२ साली गणिताने दाखवले होते; आर्मस्ट्राँग यांनी पट्टा मुद्दाम रुंद केला आणि खरखर हटवली. डिसेंबर १९३३ मध्ये पेटंटे मिळाली, एम्पायर स्टेट इमारतीवरून चाचण्याही झाल्या, पण एएम (लहरीची उंची बदलून चालणारे जुने प्रसारण) आणि दूरचित्रवाणीत पैसा गुंतवलेल्या आरसीए या अमेरिकी रेडिओ कंपनीने त्यांना तेथून उपकरणे हलवायला सांगितले. पुढे याच कंपनीने दहा लाख डॉलर एकरकमी देऊ केले. रॉयल्टीच हवी, म्हणून त्यांनी ते नाकारले. १९४५ साली एफएमचा पट्टा सरकारी निर्णयाने ८८ मेगाहर्ट्झच्या वर गेला, तेव्हा आधीचे संच एका फटक्यात निरुपयोगी झाले. दूरचित्रवाणीच्या ध्वनीसाठी एफएमच वापरले जात होते, त्यावरून १९४८ पासून आरसीएविरुद्ध खटला चालला. त्यात संपत्ती आणि संसार दोन्ही ओढले गेले, आणि १९५४ च्या जानेवारीअखेर त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या पत्नी मॅरियन यांनी उरलेले खटले नेटाने चालवले. त्यांतला मोटोरोलाविरुद्धचा शेवटचा १९६७ साली जिंकला.

उत्तर (ग्रिडलीक)
आपले म्हणणे मान्य आहे. मूळ प्रश्नापुरती एक भर घालतो: सुपरहेटरोडाइनचे श्रेयही एकट्या आर्मस्ट्राँग यांचे नाही. फ्रान्सच्या ल्यूसियन लेव्ही यांनी १९१७ सालीच त्याच वाटेचा अर्ज केला होता, आणि अमेरिकेतही आर्मस्ट्राँग यांचे महत्त्वाचे दावे पुढे लेव्ही यांच्या पदरात पडले. तरीही ते सर्किट प्रत्यक्ष चालणाऱ्या, घरात वापरता येणाऱ्या रेडिओपर्यंत नेण्यात आर्मस्ट्राँग यांचा वाटा मोठा आहे.