'आकारिक' म्हणजे नक्की काय?

ओसरी: भाचीच्या प्रगतिपुस्तकात 'आकारिक' आणि 'संकलित' असे दोन रकाने आहेत. संकलित कळलं, सत्राअखेरची परीक्षा. पण आकारिक? आकार कसला मोजतात? आमच्या वेळी घटक चाचणी आणि सहामाही, संपलं.

खडूफळा: आकार मोजत नाहीत, देतात. शिकणं चालू असताना मूल कुठे अडतंय ते पाहून शिकवणं बदलायचं, म्हणून आकारिक. मूल्यमापनाचे अभ्यासक मायकल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या 'फॉर्मेटिव्ह-समेटिव्ह' या जोडीचा हा मराठी अवतार. २०१०पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे वर्षभर आणि सगळ्या बाजूंनी मुलाची पारख, आलं आणि शब्द घरोघरी पोचला. तेव्हा ठरलेली विभागणी अशी: पहिली-दुसरीला शंभरपैकी आकारिक ७०, संकलित ३०. सातवी-आठवीला ४० आणि ६०. निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय हे सगळं आकारिकात.

तर्कटी: अर्थ पटला, शब्द नाही. '-इक' लावला की 'त्यासंबंधीचं' असा अर्थ येतो: मास, मासिक, समाज, सामाजिक. 'आकार देणारं' हा अर्थ त्यातून निघत नाही. शिवाय तर्कशास्त्रात 'आकारिक' आधीपासून आहे. आकारिक तर्कशास्त्र म्हणजे आशय बाजूला ठेवून फक्त विधानांचा साचा तपासणारं. शाळेतलं आकारिक नेमकं उलट, साच्याबाहेरचं, गप्पा मारता मारता होणारं!

खडूफळा: हे ध्यानात आलं नव्हतं. पण गंमत अशी, की वापरात शब्द तुमच्याच अर्थाकडे सरकलाय. शिक्षकखोलीत 'आकारिक झालं का?' म्हणजे नोंदी भरून झाल्या का. साचाच की.

ओसरी: हिंदीत काय म्हणतात?

तर्कटी: रचनात्मक आणि योगात्मक. आपल्याकडे 'रचनात्मक' म्हटलं की गांधीजींचा कार्यक्रम आठवतो, म्हणून तोही नको. मी 'घडणीचं मूल्यमापन' म्हणेन.

ओसरी: आणि 'अध्ययन निष्पत्ती'? ते उद्दिष्टच ना?

खडूफळा: नाही. उद्दिष्ट शिकवणाऱ्याच्या मनातलं, निष्पत्ती शिकणाऱ्याच्या वागण्यात दिसलेली. बी.एड.च्या पाठ टाचणात, म्हणजे तासाच्या लेखी आखणीत, 'उद्दिष्टे व स्पष्टीकरणे' लिहायचो. उद्दिष्ट 'आकलन', त्याखाली स्पष्टीकरण 'विद्यार्थी भरती व ओहोटीतील फरक सांगतो'. निष्पत्ती त्या स्पष्टीकरणाच्या जवळची. 'समजून घेतो' लिहिलं की आमचे सर लाल रेघ मारायचे. समजलं ते दिसलं कशावरून, म्हणून.

ओसरी: भाचीला विचारलं. म्हणाली, 'आकारिक म्हणजे वही पूर्ण असली की मिळतात ते मार्क.'