फ्रिज बिघडला तेव्हा खरं कारण काय निघालं? अनुभव लिहा

फ्रिज नीट थंड करेनासा झाला की घरोघरी निदान ठरलेलं असतं: गॅस संपला! पण गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो, वापरून संपत नाही. कमी झालाच असेल तर कुठेतरी गळतोय. म्हणून विचारते, तुमच्याकडे लक्षण काय दिसलं आणि बिघाड कशात सापडला?

सुरुवात मीच करते. आमचा फ्रॉस्ट फ्री. वर बर्फ व्यवस्थित, खाली मात्र दूध नासायचं. पूर्ण बंद करून दारं उघडी ठेवली की काही दिवस छान चालायचा, मग पुन्हा तेच रडगाणं. फ्रीझरचा मागचा पॅनल काढल्यावर थंडावा देणारी कॉइल बर्फाने गच्च भरलेली दिसली, पंख्याची हवा खाली उतरणार कुठून? मेकॅनिकने मीटर लावला, तर डीफ्रॉस्टचा, म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळवणारा हीटर जळालेला. तो बदलला, गॅसला हातही लावावा लागला नाही. बंद करून सुरू केल्यावर फ्रिज तात्पुरता सुधारत असेल, तर आधी इथे बघा.

---

आमच्याकडे भाजीच्या ट्रेखाली पाणी साचायचं. आतल्या मागच्या भिंतीला खाली पाणी वाहून जायला एक बारीक भोक असतं, ते तुंबलं होतं. विजेचा प्लग काढून त्यात कोमट पाणी सोडलं, मऊ नळीने साफ केलं. ते पाणी कंप्रेसरवरच्या ट्रेमध्ये जातं. कुबट वास येत असेल तर तो ट्रेही धुवा, कुणाच्या लक्षातच नसतो.

---

माझा किस्सा खऱ्या गळतीचा. दिरांचा जुना एकदारी फ्रिज, कुणीतरी सुरीने बर्फ खरवडला आणि फ्रीझरच्या पातळ अ‍ॅल्युमिनियमला भोक पडलं. पहिल्या मेकॅनिकने नुसता गॅस भरला, थोड्याच दिवसांत पुन्हा गरम. दुसऱ्याने गळती शोधून बुजवली, नळ्यांतली हवा व्हॅक्यूम पंपाने काढली, मगच गॅस भरला. गॅस भरायला आलेल्याला 'गळती कुठे आहे?' एवढं विचाराच. आणि मागच्या लेबलवर आर-६००ए लिहिलं असेल तर तो गॅस ज्वालाग्राही असतो, घरच्या घरी प्रयोग नकोत.

---

दर थोड्या वेळाने 'टक्' आवाज, कंप्रेसर गुरगुरून गप्प. आमचा रिले (कंप्रेसर सुरू करून देणारा छोटा भाग) गेला होता, स्वस्तात सुटलो. पण व्होल्टेज कमी असलं तरी असंच होतं, तेही तपासून घ्या. एकदा बंद केलेला फ्रिज लगेच चालू करू नका, पाचेक मिनिटं थांबा. नळ्यांमधला दाब समान झाला नाही तर कंप्रेसरला उचल घेता येत नाही.

---

बाजू गरम लागतात म्हणून मेकॅनिक बोलावणाऱ्यांसाठी: बऱ्याच नव्या फ्रिजमध्ये कंडेन्सरच्या, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या बाजूच्या पत्र्यामागे असतात. गरम लागणारच! भिंतीपासून जरा पुढे ओढा.

---

दाराचं रबर कुणी लिहिलं नाही अजून? कागद दारात धरून बंद करा, ओढून बघा. सहज निसटला तर तिथून हवा आत जातेय. रबर कोमट साबणाच्या पाण्याने पुसल्यावर आमचं दार पुन्हा घट्ट बसायला लागलं. फाटलं असेल तर मात्र बदलावंच लागतं.

---

थंडावा हाताने जोखू नका. पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवून रात्रभर मधल्या कप्प्यात राहू द्या. ४ अंश सेल्सिअस किंवा कमी हवं, फ्रीझरला उणे १८. आमचा 'बिघडलेला' फ्रिज ३ अंशांवर होता.