नेटवर्किंगमध्ये जायचंय: ए प्लस, नेटवर्क प्लस की थेट सीसीएनए? मार्गदर्शन हवं आहे

वारणाकाठ:

नमस्कार मंडळी,

वय २६, शिक्षण बी.कॉम., राहणार सांगली जिल्हा. तालुक्याच्या गावी एका केबल-इंटरनेटवाल्याकडे फायबरचं काम करतो. स्प्लायसिंग, घरोघरी ओएनटी (फायबरची डबी) बसवणं, पीपीपीओई म्हणजे इंटरनेट लॉगिनचं युजरनेम-पासवर्ड टाकणं, वायफाय चालू करून देणं. पॉवर मीटरवर उणे २७-२८ दिसलं, म्हणजे सिग्नल फार कमकुवत, की आज ना उद्या त्या घरातून फोन येणार, एवढं आता कळतं. पण डबीच्या पलीकडे, ऑफिसातल्या रॅकमध्ये काय चालतं ते कुणी सांगत नाही आणि मला तेच शिकायचंय.

पुण्यातल्या एका क्लासला फोन केला होता. त्यांनी कॉम्पटिया या संस्थेच्या ए प्लस आणि नेटवर्क प्लस, मायक्रोसॉफ्टची एमटीए, सिस्को कंपनीची सीसीएनए आणि तिच्या वरची सीसीएनपी अशा परीक्षा सगळ्या मिळून ८५ हजारांचं पॅकेज सांगितलं, वर 'शंभर टक्के प्लेसमेंट'. यूट्यूबवर बघितलं तर बहुतेक जण आधी ए प्लस, मग नेटवर्क प्लस, मग सिक्युरिटी प्लस असा क्रम सांगतात. एवढ्या परीक्षा द्यायची माझी ऐपत नाही. घरी शेती थोडी आहे, बहिणीचं शिक्षण चालू आहे. एकाच परीक्षेचे पैसे घालायचे असतील तर कुठली द्यावी? बी.कॉम.वर कुणी उभं करतं का? मराठी माध्यमातून शिकलोय, तेही आधीच सांगून ठेवतो.

रात्रपाळी:

वारणाकाठ, सगळ्यात आधी त्या क्लासबद्दल. मायक्रोसॉफ्टची एमटीए ३० जून २०२२ ला बंद झाली. बंद पडलेली परीक्षा जे आजही पॅकेजमध्ये विकतात, त्यांनी बाकीचा अभ्यासक्रम कधी बदलला असेल याचा अंदाज करा. त्यांना दोन गोष्टी विचारा आणि उत्तर लेखी मागा: परीक्षेची फी यात धरली आहे का, आणि शेवटी हातात येणारं सर्टिफिकेट सिस्कोचं की क्लासचं? बऱ्याच ठिकाणी क्लासचं असतं. त्याला मुलाखतीत काडीची किंमत नाही.

आता मूळ प्रश्न. मी पुण्यात एका एनओसीमध्ये (नेटवर्कवर चोवीस तास लक्ष ठेवणारं केंद्र) टीम सांभाळतो, एल१ च्या म्हणजे पहिल्या पातळीच्या जागांच्या मुलाखती घेतो. एकाच परीक्षेचे पैसे असतील तर सीसीएनए द्या. आपल्याकडच्या जाहिरातींत, नोकरीच्या पोर्टलवर, एचआरच्या गाळणीत तोच शब्द असतो. ए प्लस बघून मी कधी कुणाला बोलावलेलं नाही, आणि त्याचे दोन पेपर असतात, म्हणजे फीही दोनदा.

सीसीएनएचा पेपर एकच, २००-३०१. वेळ १२० मिनिटं, फी ३०० डॉलर, जीएसटी धरून तीस हजारांच्या वर-खाली. सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. पदवीची किंवा आधीच्या कुठल्या सर्टिफिकेटची अट नाही, बी.कॉम. असाल तरी बसता येतं. पेपरात एकदा पुढे गेलात की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही, हे लक्षात ठेवून सराव करा.

सीसीएनपीचं मात्र आत्ता नावही काढू नका. २०२० पासून त्यालाही सीसीएनएची अट राहिलेली नाही, म्हणून क्लासवाले नवशिक्यांच्या गळ्यात मारतात. रेझ्युमेवर सीसीएनपी दिसलं की समोरचा बीजीपी (मोठ्या नेटवर्कांमधलं राउटिंग) विचारणार, आणि तिथं अडखळलात की व्हीलॅनवरची (एकाच स्विचवर वेगळी केलेली नेटवर्कं) तुमची चांगली उत्तरंही झाकोळतात.

मेधा_टेक्सास:

यूट्यूबवरचा तो क्रम चुकीचा नाही, पण तो इकडचा आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ८५७० या निर्देशात (आता त्याची जागा ८१४० ने घेतली आहे) कुठल्या पातळीच्या कामाला कुठली सर्टिफिकेटं चालतील याची यादी होती. त्यात कॉम्पटियाची ए प्लस, नेटवर्क प्लस, सिक्युरिटी प्लस आहेत. सरकारी कंत्राटांवर काम करणाऱ्या कंपन्यांना अशी माणसं लागतातच, त्यामुळे इथल्या हेल्पडेस्कच्या जाहिरातींत ती सर्रास मागतात. इथला तरुण ते व्हिडिओ बनवतो तेव्हा तो स्वतःच्या बाजारपेठेबद्दल बोलत असतो. सांगली-पुण्याच्या मुलानं त्यावर पैसे खर्च करायचं कारण नाही. रात्रपाळी म्हणतात त्याला माझा दुजोरा.

तंत्रनिकेतन_मास्तर:

थोडा वेगळा सूर लावतो. मी पॉलिटेक्निकला संगणक विभागात शिकवतो. वाणिज्य शाखेच्या मुलाला थेट सीसीएनएच्या पुस्तकाला भिडवलं की तो ओएसपीएफ या राउटिंगच्या धड्यापर्यंत पोचायच्या आत पुस्तक मिटतो. हे मी वारंवार पाहिलंय. बायनरी, ओएसआयचे सात थर, टीसीपी-यूडीपी, मॅक आणि आयपी यांतला फरक, एआरपी कशासाठी, ही पायाभरणी आधी पक्की हवी, आणि ती नेटवर्क प्लसच्या अभ्यासक्रमात फार चांगली बांधली आहे. परीक्षा देऊ नका, पण सध्याच्या एन१०-००९ या आवृत्तीची उद्दिष्टांची यादी कॉम्पटियाच्या साइटवर फुकट मिळते. ती उतरवून घ्या आणि एकेका मुद्द्यावर स्वतःला विचारा, हे मला दुसऱ्याला समजावता येईल का?

दुसरा पर्याय म्हणजे सिस्कोचीच सीसीएसटी नेटवर्किंग. ही २०२३ मध्ये आली, अगदी पहिल्या पायरीसाठी. ५० मिनिटांची परीक्षा, फी १२५ डॉलर.

रात्रपाळी:

मास्तरांचं पायाभरणीचं म्हणणं शंभर टक्के मान्य. सीसीएसटीबद्दल मात्र दुमत आहे. परीक्षा वाईट नाही, पण भरती करणाऱ्यांना अजून ती ठाऊक नाही. ते १२५ डॉलर सीसीएनएच्या फीत घाला. तोच पाया सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीच्या साइटवर फुकट शिकता येतो, खातं उघडलं की पॅकेट ट्रेसर हे संगणकावरच नेटवर्क उभं करून बघायचं सॉफ्टवेअरही फुकट मिळतं.

वारणाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. अजून तीन शंका आहेत. सबनेटिंगचे (आयपी पत्त्यांचे छोट्या नेटवर्कांत तुकडे पाडणं) व्हिडिओ बघतो तेव्हा समजतं, पण कागदावर बसलो की गाडी अडते. दुसरं, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सिस्कोचा जुना २९६० स्विच सरावाला घ्यावा का? आणि तिसरं, त्या क्लासवाल्यानं टेलिग्रामवर 'डम्प' देतो, पास व्हायची गॅरंटी, असंही सांगितलं. ते काय असतं?

तंत्रनिकेतन_मास्तर:

सबनेटिंग मी वर्गात असं करून घेतो. पत्ता घ्या १९२.१६८.१०.७७ आणि मास्क /२६. /२६ म्हणजे मास्कचा शेवटचा आकडा १९२. २५६ मधून १९२ वजा केले, उरले ६४. म्हणजे नेटवर्क ६४-६४ च्या टप्प्यानं सुरू होणार: ०, ६४, १२८, १९२. आपला ७७ हा ६४ आणि १२८ च्या मध्ये पडतो. झालं. नेटवर्क १९२.१६८.१०.६४. पुढचं नेटवर्क १२८ ला सुरू होतं, त्याच्या आधीचा १२७ हा ब्रॉडकास्ट, म्हणजे नेटवर्कमधल्या सगळ्यांना एकदम पाठवायचा पत्ता. मशीनला देता येतील असे पत्ते ६५ ते १२६, एकूण ६२.

रोज सकाळी कामावर निघण्याआधी वहीत असे पाच पत्ते सोडवा, मास्क बदलत राहा. कॅल्क्युलेटर नको, परीक्षेत मिळत नाही. हात बसला की /२० आणि /२२ घ्या, तिथं तिसऱ्या आकड्यात टप्पे पडतात आणि बहुतेक मुलं तिथंच चुकतात.

रात्रपाळी:

स्विच घेऊ नका. हार्डवेअर हाताळायची भीती घालवायला लोक जुना स्विच घेतात आणि ती भीती तुम्हाला नाहीच. पॅकेट ट्रेसरमध्ये दोन स्विच, एक राउटर, चार पीसी ठेवा. व्हीलॅन करा, ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहून नेणारी जोडणी) करा, राउटरवरून डीएचसीपी (आपोआप आयपी पत्ता देणारी सेवा) द्या. सगळं चाललं की स्वतःच मोडा आणि शोधा. एका पीसीला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आला तर काय समजायचं? डीएचसीपीचं उत्तर त्याच्यापर्यंत पोचलं नाही. मग केबल, पोर्टचा व्हीलॅन, ट्रंक, डीएचसीपीकडचे पत्ते संपले का, असं क्रमानं बघत जायचं. एल१ ला आम्ही हेच तपासतो, हा माणूस क्रमानं विचार करतो का.

माझा एक नेहमीचा प्रश्न सांगून टाकतो. ट्रंकवर व्हीलॅन १० आणि २० चालू आहेत, ३० वाढवायचा आहे, कमांड काय? निम्मी मुलं 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०' म्हणतात. त्यानं ३० वाढत नाही, १० आणि २० जाऊन एकटा ३० उरतो, आणि दोन विभागांचं काम त्या क्षणी बंद पडतं. मध्ये 'ॲड' हा शब्द हवा. ज्यानं पॅकेट ट्रेसरमध्ये हे एकदा मोडून पाहिलंय तो विसरत नाही. डम्पवाल्याला हे उत्तर कधीच येत नाही.

डम्प म्हणजे चोरलेले प्रश्न आणि पाठ करायची उत्तरं. सिस्कोच्या नियमांत ते बसत नाही, सापडलात तर सर्टिफिकेट रद्द होतं, पुढच्या परीक्षांची दारंही बंद होऊ शकतात. कळकळीनं सांगतो, त्या वाटेला जाऊ नका. तीस हजार घालून घेतलेला कागद पहिल्या दहा मिनिटांत उघडा पडतो आणि त्या मुलाचा चेहरा आम्हालाही बघवत नाही.

वारणाकाठ:

ठरवलं. क्लास रद्द. आधी नेटवर्किंग अकॅडमीचा फुकटचा कोर्स आणि नेटवर्क प्लसची यादी, मग सीसीएनए. आता फक्त बी.कॉम. आणि इंग्रजीचं सांगा.

रात्रपाळी:

खरं सांगायचं तर बी.कॉम.वर मोठ्या आयटी कंपनीच्या थेट पेरोलवर पहिल्याच उडीत जाणं अवघड आहे. इंजिनिअरिंगची अट तिथं पोर्टलवरच अडवते. तुमची वाट थर्ड पार्टी पेरोलवरून जाते. बँका, हॉस्पिटल, चाकणचे कारखाने यांना रेसिडेंट इंजिनिअर आणि फील्ड इंजिनिअर लागतात, ते पुरवणाऱ्या कंपन्या पदवीवर फारसं अडून बसत नाहीत. ऐरोली-महापे पट्ट्यातली डेटा सेंटरंही बघा. तिथं रॅकवर काम करणारी, फायबर हाताळलेली माणसं लागतात आणि तो अनुभव तुमच्याकडे आत्ताच आहे. सुरुवातीला पगार कमी असेल, शिफ्ट फिरती असेल, घरच्यांना आधीच कल्पना द्या.

इंग्रजीचं म्हणाल तर पेपर इंग्रजीतच आहे, पण त्यातली भाषा सोपी आणि ठरावीक असते. खरी गरज पुढे लागते, तिकीट म्हणजे तक्रारीची नोंद लिहिताना आणि ब्रिज कॉलवर, म्हणजे अनेकांच्या एकत्र फोनवर, बोलताना. त्याची तयारी आजपासून करता येईल. रोज एखादी तक्रार सोडवताच, ती रात्री चार ओळींत इंग्रजीत लिहा: ग्राहकानं काय सांगितलं, मीटरवर किती होतं, काय बदललं, नंतर किती आलं. तिकिटात नेमकं हेच लिहायचं असतं.

आणि रेझ्युमेत 'इंटरनेट बसवतो' असं लिहू नका. जीपीओएन (तुम्ही हाताळता ते फायबर नेटवर्कचं तंत्र), ओएनटी कॉन्फिगरेशन, पीपीपीओई, ऑप्टिकल पॉवर मोजणी, स्प्लायसिंग हे शब्द घाला. खरं तेवढंच लिहा, कारण प्रत्येक शब्दावर प्रश्न येणार. मसुदा झाला की नाव-पत्ता काढून इथंच टाका, बघतो.