निसर्गात रमणारं घर आणि बाथरूमच्या टाइल्स : तुमचे अनुभव

गावाबाहेर, झाडांच्या मधोमध आमचं छोटं घर उभं राहतंय. भिंती झाल्या, छप्पर चढलं, आता सगळं बाथरूमच्या टाइल्सपाशी अडलंय. बाहेरच्या मातीचे, दगडांचे रंग आतही यावेत अशी फार इच्छा आहे. पण घरात सासूबाई आहेत, लहान मूल आहे, आणि पावसाळ्यात प्रत्येक पाय चिखल घेऊनच येणार. आवडीने घेतलेल्या टाइल्स चार-पाच वर्षांनी कशा वागल्या, ते वापरणाऱ्यांकडून ऐकायचंय. काय चुकलं तेही लिहा.

* * *

आम्ही शॉवरखाली नदीतल्या गोट्यांची फरशी केली. जाळीवर चिकटवलेले गोटे मिळतात, तेच. तळपायाला छान वाटतं, पण गोट्यांपेक्षा ग्राउटच, म्हणजे सांधे भरायचा मसालाच जास्त. खळग्यांत पाणी थांबतं, साबणाचा थर धरतो. सहा महिन्यांत सांधे काळे पडले. शेवटी काढून टाकले. आता आरशाखाली एक पट्टा ठेवलाय. तिथे पाणी उडत नाही आणि गोटे अजून पहिल्यासारखे आहेत.

* * *

मी खराखुरा दगड घेतला, फिकट पिवळसर चुनखडी. चुनखडी काय, संगमरवर काय, दोन्हींत कॅल्साइट असतं आणि त्याचं आम्लाशी वैर. एकदा कमोडचं क्लीनर सांडलं. ओघळ गेला तिथला दगड कायमचा निस्तेज झाला. तो डाग नाही, दगडच खाल्ला गेलाय. दगडावर मारायचा सीलर पाणी आणि तेल अडवतो, आम्लापासून वाचवत नाही, हे तेव्हा कळलं. आता आम्ल नसलेला साबणच वापरते. सीलर उतरलाय का ते पाहायला कोरड्या दगडावर पाण्याचे थेंब टाकते. दहा मिनिटांत खाली गडद ठसा दिसला की पुन्हा मारायचा.

एवढं करूनही मला दगडच आवडतो. त्याचे दोन तुकडे कधी सारखे नसतात. पण निगा राखायला वेळ नसेल तर घेऊ नका, असंच सांगेन.

* * *

माझे वडील ओल्या टाइलवर घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. टाइल मॅट होती, हात फिरवून खरखरीत वाटली म्हणून आम्हीच निवडलेली. खोक्यावरचं ‘आर ९’ वाचून निश्चिंत झालो होतो. नंतर समजलं, टाइल किती घसरते ते सांगणाऱ्या आर ९ ते आर १३ या मापात आर ९ ही सगळ्यात खालची पायरी. शिवाय ती चाचणी बूट घालून, तेल लावलेल्या उतारावर होते. अनवाणी पायांसाठी ए, बी, सी अशी वेगळी, चढती प्रतवारी आहे, आणि शॉवरखाली किमान बी हवी. नमुना घरी आणा, साबणाचं पाणी ओता आणि भिंत धरून अनवाणी उभे राहा. कृपा करून हे टाळू नका.

* * *

लाकडासारख्या दिसणाऱ्या लांब पट्ट्या घेत असाल तर एकच सांगतो. त्या मधोमध किंचित फुगीर असतात. विटांसारखा निम्मा सांधा सोडला की कडा वर येतात आणि अंगठ्याला लागतात. एक तृतीयांश सरकवून लावा.

* * *

मी टाइल्स बसवण्याचं काम करतो. भिंतीची सिरॅमिक टाइल जमिनीवर लावू नका. ती साधारण १० टक्क्यांहून जास्त पाणी पिते, पोर्सिलेन ०.५ टक्क्यापर्यंतच. लोक जमिनीलाही मोठी टाइल मागतात. पण शॉवरखालचा उतार चारी बाजूंनी पाणी जायच्या जाळीकडे उतरतो आणि मोठी टाइल तशी वळत नाही, तिरकी कापावी लागते. छोटी टाइल उतारावर नीट बसते, सांधे जास्त म्हणून पायाला पकडही मिळते. उतार मीटरला दीड-दोन सेंटिमीटर ठेवा. सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर जुळवा आणि १० टक्के जास्त घ्या. उरलेल्या टाकू नका, तीच छटा पुन्हा मिळेलच असं नसतं.

* * *

खिडकीबाहेर झाडं असतील तर आत येणारा उजेडच हिरवट असतो. आमच्या शेवाळी टाइल्स त्यात काळपट, उदास दिसतात. दुसऱ्या बाथरूमला वाळूचा रंग घेतला. दुपारी पानांच्या सावल्या त्याच्यावर हलतात आणि मग वेगळी नक्षी लागत नाही. गडद टाइलवर क्षारांचे पांढरे ठिपके उठतात, तेही रोज पुसावे लागतात.

* * *

सगळं दोनदा वाचलं. वडिलांचा अनुभव लिहिलात, त्याबद्दल मनापासून आभार. काल तीन नमुने बाथरूमच्या कोऱ्या सिमेंटवर मांडले, खिडकी उघडी ठेवली आणि साबणाचं पाणी ओतलं. शेवाळी खरंच मावळल्यासारखा दिसला. दगड बेसिनमागच्या भिंतीला ठेवतेय. सासूबाईंनी माझा हात धरून वाळूच्या रंगाच्या छोट्या टाइल्सवर पाऊल ठेवलं, टाच फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, “ही पायाला धरते गं.”