कामाच्या टेबलावर कोणती मॅट अंथरावी? सोल्डरिंग आणि कटिंग, दोन्ही एकाच जागी

सुदामानगर, इंदूर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. जुने ट्रान्झिस्टर रेडिओ दुरुस्त करणे आणि बाल्सा लाकडाची लहान विमाने बनवणे, असे माझे दोन छंद आहेत. दोन्हींसाठी घरात टेबल मात्र एकच आहे: सागवानी, चार फूट लांब, दोन फूट रुंद, वडिलांच्या वेळचे आणि स्पिरिट पॉलिश केलेले. सध्या वर्तमानपत्रांची जाड घडी अंथरून भागवतो, पण सोल्डरचा थेंब पडला की ती करपते आणि ब्लेड जरा जोरात चालले की थेट लाकडापर्यंत पोहोचते.

मी तीन प्रकार पाहून आलो आहे. स्टेशनरीच्या दुकानात हिरवी कटिंग मॅट मिळते. ऑनलाइन निळी सिलिकॉन मॅट दिसते, जिच्यावर ‘५०० अंशांपर्यंत उष्णतारोधक’ असे छापलेले असते. सियागंजात एका दुकानदाराने काळी इलेक्ट्रिकल रबर शीट दाखवली आणि ‘ही अँटी-स्टॅटिकच समजा’ असे सांगून हवी तेवढी कापून देण्याची तयारी दर्शवली. यांपैकी एकाच मॅटवर सगळे भागेल का, आणि टेबलाचे पॉलिश सुरक्षित राहील का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

रामबाग, इंदूर

काळ्या शीटचे आधी सांगतो, कारण दुकानदाराने आपल्याला नेमकी उलटी गोष्ट सांगितली आहे. पॅनेलसमोर जमिनीवर अंथरतात ती इलेक्ट्रिकल मॅट आयएस १५६५२ या भारतीय मानकानुसार बनते आणि वीज अडवणे हेच तिचे काम असते. २ मिलिमीटर जाडीची मॅट ३.३ किलोव्होल्टसाठी, अडीच मिलिमीटरची ११ किलोव्होल्टसाठी, अशी तिची वर्गवारी आहे. अँटी-स्टॅटिक मॅटला मात्र साचलेला विद्युतभार सावकाश जमिनीत वाहून न्यायचा असतो, म्हणून तिच्या वरच्या थराचा रोध साधारण दहा लाख ते शंभर कोटी ओहम यांच्या दरम्यान ठेवतात आणि खालचा थर त्याहून पुष्कळ अधिक वाहक असतो. तिचा काठ कापून पाहिला तर वर निळा, हिरवा किंवा राखाडी आणि खाली काळा असे दोन थर स्पष्ट दिसतात. एकसंध काळी शीट दिसली की ती या कामाची नाही, असे समजायला हरकत नाही.

आता आपल्याला अँटी-स्टॅटिक मॅटची गरज आहे का, हा वेगळा प्रश्न. एसी १२८ सारखे जर्मेनियम ट्रान्झिस्टर किंवा बीसी १४८ असलेला जुना रेडिओ स्थिर विजेने सहसा बिघडत नाही. मात्र त्याच पेटीत आपण नवे एफएम किंवा ब्लूटूथ मॉड्यूल बसवणार असाल, किंवा मॉसफेट (ट्रान्झिस्टरचाच एक नाजूक प्रकार) हाताळणार असाल, तर प्रश्न गंभीर होतो. बोटातून निघालेली ठिणगी माणसाला जाणवते ती साधारण तीन हजार व्होल्टच्या पुढे, आणि काही नाजूक घटक शंभर व्होल्टच्या आतच निकामी होतात. म्हणजे नुकसान झाले तरी आपल्याला कळतही नाही. इंदुरात मार्चपासून पाऊस सुरू होईपर्यंत हवा इतकी कोरडी असते की टेरिकॉटचा शर्ट काढतानाही चटचट आवाज येतो. त्या दिवसांत तरी काळजी घ्यावी.

लष्कर, ग्वाल्हेर

मी प्लास्टिकची मॉडेल्स बनवतो, म्हणून कटिंगबद्दल लिहितो. ‘सेल्फ-हीलिंग’ म्हटली जाणारी हिरवी मॅट पीव्हीसीच्या तीन किंवा पाच थरांची असते. तिच्यावर ब्लेड उभे धरून ओढले तर पृष्ठभाग कापला न जाता नुसता दुभंगतो आणि ब्लेड पुढे गेले की दोन्ही कडा पुन्हा मिटतात. ब्लेड तिरके धरले तर मात्र पातळ साल निघते आणि ती जागा कायमची खडबडीत होते. त्यामुळे मॅट लवकर खराब होण्याचे कारण बहुधा मॅटपेक्षा धरण्याच्या पद्धतीत असते. एकाच ठिकाणी रोज कापू नये आणि मधूनमधून मॅट फिरवून घ्यावी.

पीव्हीसीला उष्णता अजिबात सोसत नाही. सोल्डरिंग आयर्नचे टोक साडेतीनशे अंशांच्या आसपास असते. ते मॅटला टेकले की क्षणात खळगा पडतो, धूर निघतो आणि तो धूर नाकात जाऊ देण्यासारखा नसतो. इतकेच काय, ग्वाल्हेरच्या मे महिन्यात गच्चीवर किंवा बंद मोटारीत ठेवलेली मॅटसुद्धा वाकडी होते, आणि ती पुन्हा पूर्ण सपाट करणे जवळजवळ अशक्य असते. ती नेहमी सपाट ठेवावी. भिंतीला टेकवून उभी ठेवू नये.

सिलिकॉन मॅट उष्णतेसाठी उत्तम आहे, पण कापण्यासाठी ती अगदीच निरुपयोगी, कारण ब्लेड तिच्यातून अलगद आरपार जाते. तिच्यावर छापलेला ५०० अंशांचा आकडा क्षणभराच्या स्पर्शापुरता धरावा. सिलिकॉन रबर सतत सोसते ते सुमारे २०० ते २३० अंश. आणखी एक गोष्ट विमाने रंगवणाऱ्याने लक्षात ठेवावी. सिलिकॉनचा सूक्ष्म अंश लागलेल्या पृष्ठभागावर रंग नीट पसरत नाही आणि माशाच्या डोळ्यांसारखे गोल खळगे उमटतात. म्हणून जे भाग रंगवायचे आहेत, ते सिलिकॉनवर ठेवूच नयेत.

टिळकनगर, इंदूर

मी जुन्या लाकडी सामानाचे पॉलिश करते. आपल्या टेबलाच्या दृष्टीने वरच्या दोन्ही उत्तरांत एक बाब राहून गेली आहे. मऊ पीव्हीसीमध्ये लवचिकपणासाठी मिसळलेली द्रव्ये कालांतराने बाहेर पाझरतात आणि स्पिरिट पॉलिश, म्हणजे लाखेचा थर, त्यांनी चिकट होऊ शकतो. रबरातील रसायनांनीही पॉलिशवर तपकिरी डाग पडतात. शिवाय सर्किट बोर्डावरील फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून लावतात ते द्रव्य) पुसण्यासाठी आपण जो अल्कोहोल वापरता, त्यात लाख विरघळते. बाटली लवंडली तर मॅटच्या कडेखाली शिरलेला द्रव कोणाच्याही लक्षात येत नाही. त्यामुळे कोणतीही मॅट घ्या, पण ती सरळ लाकडावर अंथरू नका. खाली जुन्या सुती चादरीची एक घडी आणि त्यावर ६ मिलिमीटरचा एमडीएफ किंवा प्लायचा तुकडा, टेबलाच्या मापाचा कापून घ्या. त्याच्या कडा फेविकॉल पातळ करून बंद केल्या तर द्रव शिरत नाही. काम संपले की तो बोर्ड मॅटसकट उचलून भिंतीशी ठेवता येतो आणि टेबल घरच्यांना परत मिळते. कटिंग मॅट मात्र आधी काढून सपाट ठेवावी, हे वर आलेच आहे.

सुदामानगर, इंदूर (प्रश्नकर्ता)

तिघांचेही मनापासून आभार. ताईंचा बोर्ड मी करणारच. दोन शंका उरतात. ब्लूटूथ मॉड्यूल बसवायचे असल्यामुळे अँटी-स्टॅटिक मॅट घ्यावी असे वाटते. पण तिचे अर्थिंग घरच्या सॉकेटला द्यायचे तर धोका नाही ना? आणि मॅट खरी आहे की नाही, हे साध्या मल्टिमीटरने तपासता येते का?

रामबाग, इंदूर

मॅटच्या कोपऱ्यावरील टिचबटणापासून निघणाऱ्या अर्थिंगच्या तारेत एक मेगाओहमचा रेझिस्टर असतो. चुकून २३० व्होल्ट आले तरी त्यातून एक चतुर्थांश मिलिअँपियरहूनही कमी प्रवाह जातो, म्हणून ती तार काढून त्याजागी साधी तार कधीही जोडू नये. मल्टिमीटरने ही तार नक्की तपासता येते: बटण आणि प्लगची अर्थ पिन यांच्यामध्ये सुमारे एक मेगाओहम दिसले पाहिजे. मॅटचा पृष्ठभाग मात्र अशा मीटरने तपासता येत नाही. प्रोबची टोके अणकुचीदार असतात, संपर्क नाममात्र होतो आणि मीटरची मर्यादा बहुधा काही कोटी ओहमलाच संपते. त्यामुळे मीटरने काहीच दाखवले नाही म्हणून मॅट खोटी ठरत नाही. कारखान्यात ही चाचणी सव्वादोन किलोची सपाट वजने मॅटवर ठेवून, त्यांच्यामध्ये ठरावीक व्होल्टेज देऊन करतात.

खरी काळजी घरच्या अर्थिंगची करावी. आपल्याकडील पुष्कळ जुन्या घरांत तिसरे भोक नुसते शोभेचे असते. वायरमनला बोलावून फेज आणि अर्थ यांच्यामध्ये बल्ब लावून पाहायला सांगा. तो पूर्ण प्रकाशाने पेटला पाहिजे. नळाला तार बांधण्याचा जुना उपाय आता चालत नाही, कारण भिंतीतले पाइप प्लास्टिकचे झाले आहेत. आणि रेडिओचा मागचा भाग उघडून मेन्सवर चालू असताना, विद्युतभार वाहून नेण्यासाठी मनगटाला बांधतात तो अर्थिंगचा पट्टा वापरत असाल तर तो काढून ठेवावा.

लष्कर, ग्वाल्हेर

माझ्या मते आपण बोर्डाच्या डाव्या दोन-तृतीयांश भागावर अँटी-स्टॅटिक मॅट कायमची ठेवावी आणि उजवीकडे ए३ मापाची, म्हणजे ४२ बाय ३० सेंटिमीटरची, कटिंग मॅट सुटी ठेवावी. सोल्डरिंगच्या वेळी अँटी-स्टॅटिक मॅटवर लहानशी सिलिकॉन मॅट पसरावी, मात्र मॉड्यूल तिच्यावर ठेवू नये. साधे सिलिकॉन स्वतःच विद्युतभार साठवते. आयर्नचा स्टँड फरशीच्या उरलेल्या तुकड्यावर ठेवला तर सिलिकॉनचीही फारशी गरज पडत नाही, आणि मी तरी तेच करतो.

रंग घेताना फिकट राखाडी घ्यावा. गडद मॅटवर दोन मिलिमीटरचा काळा स्क्रू पडला की अर्धा तास शोधण्यातच जातो.

टिळकनगर, इंदूर

अँटी-स्टॅटिक मॅट काच पुसण्याच्या फवाऱ्याने किंवा चकाकी आणणाऱ्या पॉलिशने पुसू नका, कारण त्यांचा पातळ थर मागे राहतो आणि मॅटचा गुण झाकला जातो. ओल्या फडक्यावर थोडा आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन पुसणे पुरे. जुन्या सोल्डरमध्ये शिसे असते. ते फडके वेगळे ठेवावे आणि चहाला बसण्याआधी हात साबणाने धुवावेत.